लेंगची स्प्रिंग

"हात गेला," क्वेक थियाम सेंग म्हणाला आणि पिवळा ब्लास्टर टीव्हीशेजारी ठेवून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

सिओक लेंगच्या डोक्यात तिडीक गेली. रोज सकाळचं हेच नाटक! कोपी, म्हणजे घरची कडक कॉफी, संपली, अर्धवट उकडलेल्या अंड्यांची वाटी बाजूला सारली, की म्हातारा तो ब्लास्टर दोन गुडघ्यांत धरणार. डाव्या हाताने मूठ पकडणार. उजव्या हाताची न वळणारी बोटं स्प्रिंग ताणायच्या दांड्याभोवती कशीबशी अडकवणार आणि ओढणार. मानेच्या शिरा फुगायच्या, कान लालभडक व्हायचे, पण दांडा म्हणून जागचा हलायचा नाही. मग 'हात गेला' एवढं बोलून साहेबांचं दिवसभराचं दुकान बंद. ना व्यायाम, ना बोलणं, ना धड जेवण.

"पा, तो खेळण्यातला ब्लास्टर आहे. डॉक्टरचं सर्टिफिकेट नाही," लेंग म्हणाली.

पाने टीव्हीचा आवाज वाढवला.

मार्चमध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात तेवढा राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या सहा महिन्यांत हात जेवढा वापराल तेवढा तुमचा, नंतर माझ्या हातात काही नाही. त्यातले चार महिने गेले. आणि या माणसाने केलं काय? त्या मुलीने मळायला रबरी पीठ दिलं, तर म्हणे, "मी काय पाव भाजायला बसलोय?" दोरीला लावायला कपड्यांचे चिमटे दिले, तर म्हणे, "ते लेंगच्या आईचं खातं." गिरवायला अक्षरांचा कागद दिला, तेव्हा मात्र तो खवळलाच. "चौतीस वर्षं गोदीत स्टोअरकीपर होतो मी! आलेला प्रत्येक नटबोल्ट माझ्या सहीशिवाय आत गेला नाही. आता ए बी सी गिरवू?" कागदाचा बोळा थेट त्या पोरीच्या पायाशी जाऊन पडला होता. लेंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

हाताची परीक्षा घ्यायची ती एकाच गोष्टीवर, त्या पिवळ्या ब्लास्टरवर. तो ओढला गेला तर हात आहे, नाहीतर गेला. हे कोणी ठरवलं? त्यानेच.

त्या घरात ब्लास्टरांना तोटा नव्हता. स्प्रिंगच्या जोरावर फोमच्या गोळ्या उडवणारी ही खेळणी म्हाताऱ्याने तीस वर्षं जमवली होती आणि एकाही खोक्याची चिकटपट्टी फाडली नव्हती. सगळी खोकी बॉम्बखोलीत, छतापर्यंत, ओळीने. आईचं एकच पालुपद होतं, "सरकारने ही जाड दाराची खोली बॉम्ब पडला तर लपायला दिली. उद्या खरंच पडला तर ही खोकी आत राहतील आणि आपण बाहेर!" खोक्याबाहेर होता तो एकटा पिवळा, कारण तो लेंगच्या दहाव्या वाढदिवसाला आणला होता आणि तिने दुकानाच्या पायरीवरच खोकं टराटरा फाडलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी कोपीनंतर बाप त्याने एक गोळी मारायचा, भिंतीवरच्या फाडायच्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या तारखेवर. नेम लागला तर दिवस चांगला. झटका येईपर्यंत यात खंड पडला नव्हता.

लेंग बापाच्या बरोबर उलट्या टोकाला गेली. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची आणि घरी आली की ब्लास्टर उघडून बसायची. आतलं हवा अडवणारं प्लास्टिक कापायचं, दट्ट्याची रबरी कडी बदलायची, कंपनीची नरम स्प्रिंग फेकून कडक घालायची. रविवारी सामुदायिक केंद्राच्या हॉलमध्ये तिची टोळी जमायची. तिथे वेग मोजायच्या यंत्रासमोर तिच्या हातचा ब्लास्टर आला की लोक मान तुकवायचे. या मंडळींचा एक रिवाज होता. ब्लास्टर उघडला की कवचाच्या आतल्या बाजूला उघडणाऱ्याने नाव, तारीख आणि काय बदललं ते लिहायचं, म्हणजे पुढे जो उघडेल त्याला कळेल कोणी काय केलंय. बाहेरून काही दिसत नाही.

बापाला या धंद्याचा तिटकारा होता. "कारखान्यातून जसं आलं तसं ठेवायचं," तो म्हणायचा. "माझ्या घरात खोकं फोडणारा हात नको."

आणि सात वर्षांपूर्वी लेंगने नेमका तोच उद्योग केला होता.

त्याला कारण रिझाल. रिझाल म्हणजे टोळीतला धिप्पाड बस ड्रायव्हर, तोंडाचा पट्टा कायम चालू. घरी लाँतोंग, म्हणजे नारळाच्या रश्शातल्या भाताच्या वड्या, खायला आला आणि पिवळ्याची सकाळची गोळी बघून म्हणाला, "लेंगताई, तुझ्या पप्पांचं हे मारत नाही गं, थुंकतं!" झालं. लेंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढच्या शनिवारी आईबाप लग्नाला गेलेले असताना तिने पिवळा उघडला, कंपनीची स्प्रिंग कचऱ्यात टाकली, आपल्याकडची सर्वांत कडक स्प्रिंग बसवली, आत नाव-तारीख लिहिली आणि स्क्रू आवळून होता तसा टीव्हीशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाने नेम धरला. फट्! कॅलेंडर खिळ्यासकट खाली. बापाने कॅलेंडरकडे पाहिलं, ब्लास्टरकडे पाहिलं, आणि म्हणाला, "खिळा जुना झालाय." नवा खिळा ठोकला, शेजारी आधाराला आणखी एक. लेंगला वाटलं, गोदीत काम केलेला माणूस, दंडात ताकद आहे, याला फरक काय कळणार! आज सांगू, उद्या सांगू करत सात वर्षं गेली.

आता बसा बोंबलत. हात गेलेलाच नव्हता. हाताच्या आड लेंगची स्प्रिंग बसली होती. ती ओढायला रिझालसारख्या रेड्याला दोन हात लागायचे आणि हा लुळ्या हाताचा म्हातारा रोज सकाळी तिच्याशी झुंजून स्वतःला मोडीत काढत होता. लेंगला रात्रंदिवस तेच खात होतं.

सरळ सांगून का टाकलं नाही? सांगायला कितीदा तोंड उघडलं. पण मनात यायचं, ज्या एका वस्तूवर याचा जीव आहे तीच आपण पाठीमागे फाडली, हे आत्ता कळलं तर उरलासुरला माणूसही भिंतीकडे तोंड करून बसेल. त्यापेक्षा तशीच नरम स्प्रिंग शोधायची, गुपचूप बसवायची, दांडा ओढला जाईल, हुरूप येईल, चिमटेही लावेल. काम फत्ते. तिने टोळीला मोबाइलवर निरोप टाकला, 'जुन्या पिवळ्या मॉडेलची कंपनीची नरम स्प्रिंग हवी आहे. तातडीने.'

पाच मिनिटांत चेष्टेला ऊत आला. एकाने विचारलं, ताप आलाय का. दुसऱ्याने आणखी कडक स्प्रिंगचा फोटो पाठवला. शेवटी रिझालचा फोन आला.

"ताई, नक्की नरम म्हणालीस ना? की कोणी तुझा फोन चोरलाय?"

"रिझाल, माझं डोकं फिरवू नकोस. आहे की नाही ते सांग."

"नरम स्प्रिंग कोण ठेवतं गं? ब्लास्टर उघडला की पहिली कचऱ्यात. तूच शिकवलंस आम्हाला. 'कंपनीची स्प्रिंग ठेवणारा आणि नखं कापून जपून ठेवणारा सारखाच' असं कोण म्हणालं होतं?"

लेंगने कपाळावर हात मारून घेतला. तिच्या डब्यात त्या मापाच्या कडक स्प्रिंगा सतरा होत्या, नरम एकही नाही.

"एक माणूस आहे बघ," रिझाल म्हणाला. "तोआ पायोचे इलंगो अंकल. ते काहीच फेकत नाहीत. पण तुला दारात तरी उभं करतील का, देव जाणे."

इलंगो टपाल खात्यातून निवृत्त झालेले, बापाच्या ओळखीचे आणि त्याच्याच जातीचे, म्हणजे खोकी न फोडणारे. त्यांनी लेंगला आत घेतलं खरं, पण आधी हात धुवायला लावले. मग समोर बसवून तासभर तिची हजेरी घेतली. भिंतीभर छोटे कप्पे, पत्रं वर्गवार लावायचे असतात तसे, आणि प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी.

"तुम्ही लोक कसाई आहात," इलंगो म्हणाले. "चांगली धडधाकट वस्तू घ्यायची, पोट फाडायचं, आतडी फेकायची आणि वर छाती फुगवून म्हणायचं, सुधारणा केली!"

"हो अंकल."

"आणि आता आतडं परत मागायला आलीस."

"हो अंकल." लेंगने दात आवळून धरले होते. ब्लास्टर कोणाचा ते सांगायचं नाही असं ठरवून ती आली होती, पण तासभर बोलणी खाल्ल्यावर तिचा बांध फुटला. पिवळा, रिझालचं थुंकणं, खिळा, झटका, रोजचं 'हात गेला', सगळं भडाभडा बाहेर आलं. शेवटी आवाजही चिरकला, त्याचा तिला स्वतःचाच राग आला.

इलंगो उठले, खालच्या रांगेतला एक कप्पा ओढला आणि एक पाकीट तिच्यासमोर ठेवलं. "माझा निळा होता याच मॉडेलचा. माळ्यावरून पडून फुटला. स्प्रिंग तेवढी राहिली." पाकिटावर स्प्रिंग काढल्याची तारीख होती. "थियाम सेंगला सांगितलंस?"

"नाही. आणि सांगणारही नाही. अंकल, मला स्प्रिंग द्या, सल्ला नको."

"आत लिहिशील तरी?"

"ते लिहीन."

"म्हणजे प्लास्टिकला सांगशील आणि बापाला नाही," इलंगो म्हणाले आणि दार उघडायला गेले. चहासुद्धा विचारला नाही त्या माणसाने.

शुक्रवारी सकाळी व्यायाम केंद्राची गाडी बापाला घेऊन गेली. तो दीडला परतायचा. लेंगने रजा टाकली होती. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, पिवळा आडवा घातला आणि स्क्रू काढायला लागली. सात स्क्रू सुटले. तिने वरचं कवच अलगद उचलून पालथं बाजूला ठेवलं.

आधी तिची नजर दट्ट्याकडे गेली. सवयच तशी होती. दट्ट्यावर ग्रीसचा पातळ, स्वच्छ थर होता. ती थबकली. सात वर्षांचं ग्रीस कानातल्या मळासारखं पिवळं आणि घट्ट व्हायला हवं. शिवाय तिने तेव्हा नवशिकेपणात भरपूर थापलं होतं, ते तिला पक्कं आठवत होतं. रबरी कडीही नवी दिसत होती. हे कोणी केलं? तिने पालथं कवच उचलून सुलटं केलं.

तिचं अक्षर होतंच, घाईतलं, तिरकं. 'सिओक लेंग. ९ जुलै. नवी कडक स्प्रिंग.'

त्याखाली दुसरं अक्षर होतं. चौकोनी, ठसठशीत, ओळीला ओळ लागून. गोदीतल्या हजारो पावत्यांवर बसलेला हात. '११ जुलै. तपासलं. काम स्वच्छ. ग्रीस फार. कमी केलं. क्वे. थि. सें.'

त्याखाली पुढच्या वर्षीची ओळ. 'जुलै. तपासलं. स्प्रिंग ठीक.' त्याखाली त्याच्या पुढच्या वर्षीची. 'जुलै. कडी बदलली. स्प्रिंग ठीक.' तिने मोजल्या. सात ओळी होत्या, शेवटची गेल्या वर्षीची. यंदाचा जुलै अर्धा सरला होता आणि यंदाची ओळ नव्हती.

लेंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती रिकाम्या घरात ओरडली, "माहीत होतं! या माणसाला माहीत होतं!"

रिकामं कुठे, आई होती. ती तांदळाची पेज ढवळत होती. "काय माहीत होतं?"

"पा हा ब्लास्टर उघडतो! दरवर्षी!"

"मग? तू कामावर गेलीस की असंच वर्तमानपत्र पसरतो. माझं टेबल ग्रीसने माखतो आणि वर मलाच म्हणतो, लेंगला सांगू नकोस."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू तरी कुठे सांगितलंस कोणाला? तुझं त्याला कळू द्यायचं नाही, त्याचं तुला कळू द्यायचं नाही. मी पेज करू की तुमच्या बंदुका सांभाळू?" आईने झाकण आपटलं. "तीस वर्षं ही खोकी झाडतेय मी. बापलेक दोघंही सारखेच आगाऊ."

दीडला गाडी आली तेव्हा स्प्रिंग बदललेली नव्हती. पिवळा टेबलावर तसाच उघडा पडला होता. बाप काठी टेकत आत आला, स्वयंपाकघराच्या दारात थांबला आणि त्याने सगळं पाहिलं. कवच, दट्ट्या, पाकीट, पाकिटावरचं इलंगोचं अक्षर.

"खोकं कोणी उघडलं?" त्याने विचारलं.

"खोकं? खोकं मी दहाव्या वर्षीच फाडलं होतं! पा, विषय बदलू नका. आत माझी स्प्रिंग आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं होतं. मी काय आंधळा आहे?"

"मग चार महिने ती ओढत का बसलात? दोन हातांची माणसं घामाघूम होतात त्या स्प्रिंगने! आणि रोज सकाळी 'हात गेला', 'हात गेला'! अहो, हात नाही गेला, माझी अक्कल गेली होती ती बसवताना! मी चार महिने आतल्या आत कुढतेय! त्या इलंगोच्या दारात जाऊन नाक घासून आले! एक शब्द बोलला असतात तर कंपनीची नरम घालून दिली असती. कधीच ओढली गेली असती."

"कंपनीची ओढून मी काय करू?" बाप खुर्चीत बसला. काठी टेबलाला टेकवली, ती घसरून पडली, कोणी उचलली नाही. "ती कोणीही ओढेल. ही मी सात वर्षं ओढली, एका हाताने. तू बसवलेली ओढता येत नाही, म्हणजे हात गेलाच की."

लेंगने स्क्रूड्रायव्हर वर्तमानपत्रावर आपटला. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून जास्तच संताप येत होता.

"सात वर्षं," ती म्हणाली. "रविवारी त्या हॉलमध्ये परके लोक माझ्या कामाला मान देतात. तुम्ही एकदा तरी म्हणालात, काम चांगलं आहे म्हणून?"

"लिहिलं होतं."

"आत! स्क्रू आवळून बंद केलेल्या कवचाच्या आत लिहिलं होतं, पा!"

"तू पण आतच लिहिलं होतंस," बाप म्हणाला.

आईने चुलीवरून मागे वळून दोघांकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा पेज ढवळायला लागली.

लेंगने नाक पुसलं. मग तिने आपला डबा आणला आणि वर्तमानपत्रावर स्प्रिंगा मांडल्या, एका ओळीत. डावीकडे इलंगोची नरम, मग तिच्याकडची त्यातल्या त्यात कमी कडक, मग त्याहून थोडी जास्त, असं करत शेवटी मोकळी जागा, पिवळ्यातल्या स्प्रिंगची. "हे बघा. कवळी एका दमात बसत नाही. आधी घासायची, लावून बघायची, पुन्हा घासायची. महिनाभराने कुठे माणूस सुपारी फोडतो. आज ही घालू. पुढच्या आठवड्यात ही. मग ही. ऑगस्ट, सप्टेंबर. शेवटी तुमची ती."

"नरम मला नको."

"पा!"

"थुंकतं ते. तो रिझाल म्हणाला होता. मी ऐकलं होतं."

"थुंकू दे! महिनाभर थुंकलं तर काय कॅलेंडर मान टाकणार आहे?"

बापाचे डोळे ओळीवर होते, आणि चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसासमोर माल मांडला की त्याला गप्प बसवत नाही. डावा हात पुढे आला. एकेक स्प्रिंग उचलून त्याने टेबलावर उभी दाबून पाहिली. तिसरी आणि चौथी दोनदा दाबली. मग त्यांची अदलाबदल केली.

"ही जास्त कडक आहे," तो म्हणाला. "डोळ्यांना दिसत नाही? काय शिकवतेस लोकांना?"

लेंगने दोन्ही दाबून पाहिल्या. म्हाताऱ्याचं बरोबर होतं. तिची जीभ शिवशिवली, पण तिने काही न बोलता आपली कडक स्प्रिंग काढली, ओळीच्या शेवटी ठेवली आणि इलंगोची बसवली. मग कवच हातात घेऊन मार्करचं टोपण काढलं.

"थांब," बाप म्हणाला. "नोंद तपासणाऱ्याने करायची असते."

"बरं, सांगा. मी लिहिते."

"माझी ओळ तू लिहिणार?"

त्याने डाव्या हाताने मार्कर तिच्याकडून काढून घेतला आणि उजव्या हातात दिला. बोटं मिटेनात. त्याने डाव्या हाताने एकेक बोट धरून मार्करभोवती वळवलं. मार्कर निसटून टेबलावर नुकत्याच आलेल्या पेजेच्या वाटीत पडला असता, आईने वाटी वेळेवर ओढली. पुन्हा पहिल्यापासून. लेंग मदतीला पुढे झाली तेव्हा त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती मागे सरली. अक्षरांच्या कागदाचा बोळा करून फेकणारा हाच माणूस कवचावर वाकला, जीभ दातांत धरली आणि लिहू लागला. पंचवीस मिनिटं लागली. मधे दोनदा थांबला. आईने दोनदा सांगितलं, पेज गार होतेय, तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

कवच त्याने लेंगकडे सरकवलं. सात सरळ ओळींखाली आठवी ओळ तिरकी उतरत पार स्क्रूच्या भोकापर्यंत गेली होती. अक्षरं कुठे मोठी, कुठे एकमेकांवर चढलेली. लेंगने ती दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा डोळ्यांपुढे नीट दिसेना.

'जुलै. ही तात्पुरती. लेंगची परत घालायची.'

"यंदा 'ठीक' नाही लिहिलंत?" तिने विचारलं.

"अजून कुठे ठीक आहे? आवळ स्क्रू. आणि ग्रीस कमी लाव."

तिने स्क्रू आवळले. बापाने पिवळा गुडघ्यांत धरला, बोटं दांड्यावर अडकवली आणि ओढलं. कान लाल झाले. दांडा अर्ध्यावर आला, थांबला, तिथेच थरथरला. मग तो उरलेलं अंतर सरकला आणि खट्कन अडकला.

बापाने घोडा दाबला. गोळी उडाली, स्वयंपाकघराच्या दारातून कशीबशी बाहेर गेली आणि कॅलेंडरपासून हातभर अलीकडे जमिनीवर पडली.

"थुंकी," बाप म्हणाला. "एक."

"काय एक?"

"ती पोरगी दहा सांगते ना प्रत्येक व्यायामाचे? दहा." त्याने पुन्हा दांडा ओढला, पुन्हा खट् झालं, आणि गोळी न भरताच घोडा दाबला. "दोन."

"पा! रिकामा मारू नका!" लेंग किंचाळली. "गोळी नसली की दट्ट्या नुसता आदळतो, फुटेल तो! तीस वर्षांचं प्लास्टिक आहे! एवढंही कळत नाही का तुम्हाला?"

"मग भर की गोळी. बघत काय बसलीस?" बाप म्हणाला आणि दांडा ओढायला लागला. "तीन."

"थियाम सेंग, पेजेचा गोळा झाला," आई म्हणाली.

"चार."

लेंग गुडघ्यांवर बसून टेबलाखालच्या, दाराबाहेरच्या, कॅलेंडरखालच्या गोळ्या गोळा करत होती, रडत होती, आणि प्रत्येक वेळी त्याचं ओढून व्हायच्या आत एक गोळी भरत होती.